आरपीजी पुरस्कार: नियमांचा कच्चा खर्डा, चिरफाड करून हवी आहे

ओसरीवरचा_जादूगार
नमस्कार मंडळी. टेबलटॉप आरपीजी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि अडलं की फासा टाकतात. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला तिथून हे सुरू झालं. आमचा पुणे-ठाणे-नाशिक असा चाळीसेक जणांचा गट आहे. गेल्या दोन वर्षांत त्यातल्या अकरा जणांनी स्वतःचे छोटे खेळ लिहिले. कुणी वाड्यातल्या भुतांचा, कुणी एसटीच्या शेवटच्या गाडीचा. म्हटलं, वर्षातून एकदा पुरस्कार देऊ. पैसे नाहीत, एक लाकडी फासा करून देणार. नियमांचा खर्डा असा:

१. खेळ मराठीत, देवनागरीत हवा.
२. तो विक्रीला उपलब्ध हवा.
३. किमान २० पानं.
४. पाच छापील प्रती परीक्षकांना पाठवाव्यात.
५. लेखक महाराष्ट्राचा रहिवासी हवा.
६. परीक्षक पाच निवडतील, त्यातून लोक मतदान करतील.
७. परीक्षकांचा निर्णय अंतिम.

बोला.

संकासूर
पहिला नंबर माझा. नियम २ आणि ३ वाचून हसलो. तुझ्याच गटातला सगळ्यात जास्त खेळला गेलेला खेळ एका पानाचा आहे आणि फुकट आहे. एसटीवाला. तो तुझ्या नियमाने खेळच नाही.

ओसरीवरचा_जादूगार
अरे हो की. 'विक्रीला उपलब्ध' लिहिण्यामागे हेतू इतकाच होता की कुणी अर्धवट पीडीएफ पाठवू नये.

संकासूर
मग 'पूर्ण झालेला आणि कुणालाही मिळू शकेल असा' असं लिही. पैशाचा संबंध काय? मोठ्या पुरस्कारांतही फुकट खेळांसाठी जागा असते. एनीज म्हणून आरपीजीचे मोठे इंग्रजी पुरस्कार आहेत, त्यांत तर फुकट खेळांचा वेगळा विभागच आहे.

हूजियर_कुलकर्णी
एनीजचा विषय निघालाच आहे तर थोडं लांबण लावतो. मी इंडियानात राहतो, जेन कॉन या खेळांच्या मोठ्या संमेलनाला दोनदा जाऊन आलो. हे पुरस्कार २००१ मध्ये रस मॉरिसी यांच्या 'ईएन वर्ल्ड' या संकेतस्थळावर सुरू झाले, म्हणजे तुमच्यासारखेच, चाहत्यांच्या अड्ड्यावर. पहिल्या वर्षी सगळं ऑनलाइनच. २००२ पासून जेन कॉनमध्ये समारंभ. तेव्हा जेन कॉन मिलवॉकीला भरायचं, २००३ पासून इंडियानापोलिसला. आज या क्षेत्रात पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एनीचं चिन्ह लागलं की खप वाढतो असं प्रकाशक मानतात, पण काम मात्र अजून स्वयंसेवकांच्याच खांद्यावर आहे.

पद्धत अशी: पाच परीक्षक, आणि तेही लोकांच्या मतांनी निवडलेले. ते आलेल्या शेकडो गोष्टी वाचतात आणि प्रत्येक विभागात नामांकनं ठरवतात. मग जगभरातले लोक मत देतात. सुवर्ण आणि रौप्य मिळतं. म्हणजे चाळणी परीक्षकांची, कौल लोकांचा. जादूगाराने नियम ६ बहुतेक तिथूनच उचललाय.

ओसरीवरचा_जादूगार
उचललाय. लपवत नाही.

घाटावरची_माया
लोकांचा कौल म्हणजे इन्स्टाग्रामवर ज्याचे फॉलोअर जास्त त्याचा कौल. चाळीस जणांच्या गटात तर ज्याची मित्रमंडळी जास्त त्याचा. दिवाळी अंकांच्या वाचक-पसंतीत हेच होतं, आपण सगळ्यांनी पाहिलंय. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कृपया लिंकवर जाऊन मत द्या'. ज्यांनी मत दिलं त्यांनी अंक उघडलेलाही नसतो.

नाटकवेडी
आणि निव्वळ परीक्षक ठेवले की दुसरं दुखणं. पुरुषोत्तम करंडक आठवा. १९६३ पासून चालू असलेली स्पर्धा, आणि २०२२ च्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी सांगितलं की करंडकाच्या लायकीची एकही एकांकिका नाही, करंडक कुणालाच नाही. पुण्यात त्यावर महिनाभर भांडणं. मी परीक्षकांच्या बाजूची होते, अजूनही आहे. पण सांगायचं ते वेगळंच. भांडण पेटलं कारण मुलांच्या डोक्यात 'पहिला येणाऱ्याला करंडक' असं होतं आणि परीक्षकांच्या डोक्यात 'पात्र असेल त्याला करंडक'. तुमच्या खर्ड्यात हे लिहा: लाकडी फासा दरवर्षी द्यायचाच आहे की एखाद्या वर्षी कपाटात राहू शकतो?

ओसरीवरचा_जादूगार
ताई, हा विचार डोक्यात आलाच नव्हता. लिहून घेतो.

बीडचा_वाटसरू
बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो. नियम ४. पाच छापील प्रती. माझा खेळ चाळीस पानांचा आहे, ऊसतोडीच्या टोळीवरचा. झेरॉक्स, स्पायरल आणि कुरियर धरून साडेआठशे रुपये जातात. पुरस्कारात काय, तर लाकडी फासा. तुम्हाला पुण्यात एकमेकांच्या हातात प्रत देता येते म्हणून हा नियम सुचला. राग नाही, पण नियम कुठे बसून लिहिला ते कळतं.

संकासूर
+१. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

ओसरीवरचा_जादूगार
वाटसरू, खरं आहे. कर्वे रोडवरच्या एका हॉटेलात बसून लिहिला. नियम ४ रद्द, पीडीएफ चालेल.

उजेड_कान
थांबा, 'पीडीएफ चालेल' म्हणून मोकळं होऊ नका. मला दिसत नाही. एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरून हा धागा ऐकतोय. मी तुमच्यातल्या तीन जणांचे खेळ मागवले होते. एकाची पीडीएफ म्हणजे वहीच्या पानांचे फोटो. माझं यंत्र प्रत्येक पानाला 'चित्र' म्हणतं आणि गप्प बसतं. दुसरी जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट युनिकोड नाही, म्हणजे डोळ्यांना 'भूत' दिसतं आणि यंत्राला त्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा मिळतो. तीस पानं मी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची माळ ऐकली. तिसरी पीडीएफ युनिकोडमध्ये होती, पण तिच्यातले नियम तक्त्यात. कुठला आकडा कुठल्या रकान्यातला ते कळेना.

खेळायला मला काहीच अडत नाही. गोष्ट ऐकायची, बोलायचं, फासा फोनवर टाकायचा. किंबहुना टेबलावरच्या सगळ्या खेळांत माझ्यासाठी सगळ्यात सोपा हाच. आणि नेमका याचाच नियमसंग्रह मला वाचता येत नाही. उद्या मला परीक्षक व्हायचं असेल तर?

घाटावरची_माया
दुसरी पीडीएफ माझी. सॉरी. प्रेसवाल्या काकांनी श्रीलिपीत लावून दिली होती, मी तशीच पाठवली. आज रात्री युनिकोडमध्ये नवीन करते.

उजेड_कान
रात्रीच करायला पाहिजे असं नाही हो. पण केलीत तर मला पाठवा, वाड्यातल्या आजीचं पुढे काय होतं ते कळलेलं नाही.

ओसरीवरचा_जादूगार
नवीन नियम ४: मजकूर युनिकोडमध्ये, तक्ते असतील तर तीच माहिती साध्या ओळींतही. उजेड, परीक्षक व्हाल का?

उजेड_कान
बघू. आधी नियम ठरू देत.

गुणवंत_जोशी
माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो. पुरस्कार म्हणजे उत्तमाची निवड. हे चालेल, तेही चालेल, फॉन्ट असा, प्रती तशा, असं करत गेलात तर शेवटी सगळ्यांनाच प्रशस्तिपत्रक द्यावं लागेल. शाळेत 'सहभागाबद्दल' मिळायचं तसं. ज्याला जिंकायचं आहे तो साडेआठशे रुपये खर्च करेल.

बीडचा_वाटसरू
जोशीसाहेब, साडेआठशे रुपये भरले म्हणून खेळ उत्तम होतो का? मग सरळ प्रवेश फी लावा आणि जास्त भरेल त्याला फासा द्या.

नाटकवेडी
गुणवंत, तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. पात्रता म्हणजे दारातून आत कोण येणार, आणि निवड म्हणजे आत आल्यावर कोण टिकणार. दार रुंद ठेवून निवड कडक ठेवता येते. उलट दार अरुंद असलं की आत आलेल्यांतच उत्तम शोधायचं, आणि बाहेर कोण राहिलं ते परीक्षकाला कळतही नाही.

गुणवंत_जोशी
तत्त्वतः मान्य. पण मग दोनशे पीडीएफ वाचणार कोण? दार रुंद करणाऱ्यांनी वाचायलाही बसावं.

ओसरीवरचा_जादूगार
हा मुद्दा मात्र खरा आहे. अकरा खेळ वाचायलाच आम्हाला दोन महिने लागले.

हूजियर_कुलकर्णी
यावर एक वेगळा प्रयोग झालाय. २०२२ मध्ये 'द अवॉर्ड्स' नावाने इंग्रजी छोट्या खेळांसाठी पुरस्कार सुरू झाले. त्यात विभागच नाहीत आणि क्रमांकही नाहीत. परीक्षक वीस खेळ निवडतात, सगळे बरोबरीचे. एका पानाचा खेळ आणि तीनशे पानांचं पुस्तक एकाच ओळीत. 'सर्वोत्तम नकाशा', 'सर्वोत्तम मुखपृष्ठ' असे विभाग केले की ज्याच्याकडे चित्रकाराला द्यायला पैसे आहेत तोच त्यांत असतो.

खेळांच्याच क्षेत्रातल्या डायना जोन्स पुरस्काराचं तर आणखी निराळं. तो २००१ पासून आहे, आणि त्याला व्यक्ती, खेळ, कंपनी, कल्पना, काहीही पात्र. २०१७ मध्ये जेन कॉनलाच दिला, २०१८ मध्ये 'ॲक्च्युअल प्ले'ला, म्हणजे खेळताना चित्रीकरण करून लोकांना दाखवण्याच्या प्रकाराला. २०२० मध्ये 'ब्लॅक एक्सलन्स इन गेमिंग'ला, एका माणसाला नाही, अख्ख्या समूहाच्या कामाला. पात्रतेत इतका मोकळेपणा, पण निवड समिती मात्र बहुतांशी निनावी. दार सताड उघडं आणि आतले लोक अंधारात.

संकासूर
त्याचं मानचिन्ह म्हणजे इंडियाना जोन्सच्या जुन्या खेळाचे जळके अवशेष पारदर्शक पिरॅमिडमध्ये घातलेत ना? नावातली 'इंडियाना'ची पहिली अक्षरं जळून गेली म्हणून 'डायना'. आपला लाकडी फासा एकदम सात्त्विक वाटतो त्यापुढे.

मडगांवकार
मी गोंयचो, पण घरी मराठी वाचन आहे, म्हणून इथे असतो. नियम १ मधल्या 'देवनागरीत' या शब्दाकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. आमच्याकडे या एका शब्दावर पिढ्या भांडल्यात. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी म्हणजे देवनागरी लिपीतली कोंकणी असं आलं. रोमी म्हणजे रोमन लिपीत लिहिणारे, टियात्रं म्हणजे आमची नाटकं लिहिणारे, कादंबऱ्या लिहिणारे, त्यांची तक्रार आजही तीच आहे: भाषा आमची, वाचक आमचे, पण अकादमीच्या पुरस्काराच्या दारात लिपी आडवी येते. मी स्वतः देवनागरीच्या घरातला आहे, तरी ती तक्रार मला खोटी म्हणता येत नाही.

तुमच्या मुलांचे मेसेज बघा. 'kay kartoys' देवनागरीत लिहून दाखवायचं तर 'काय करतोयस', पण ती टाइप करतात रोमन अक्षरांत. सोळा वर्षांच्या पोराने असा खेळ लिहिला तर तो मराठी नाही?

संपादक_मंडळ
@मडगांवकार, प्रतिसादात रोमन अक्षरं आली आहेत. या संकेतस्थळाच्या धोरणानुसार कृपया देवनागरीत लिहावे.

संकासूर
😂😂 मुद्दा सिद्ध. धागा इथेच संपवा.

मडगांवकार
देवाक काळजी.

घाटावरची_माया
लिपीइतकाच 'मराठी' हाही शब्द बघायला हवा. माझ्या वाड्यातल्या भुतांपैकी अर्धी मालवणीत बोलतात. वऱ्हाडी, अहिराणी, झाडीबोली, हे सगळं 'मराठीत' धरणार की 'शुद्धलेखन तपासून पाठवा' म्हणणार? आणि खेळताना आपण निम्मं इंग्रजीच बोलतो. 'सेव्ह रोल कर', 'इनिशिएटिव्ह टाक'. त्या शब्दांना मराठी प्रतिशब्द हवेत असा हट्ट धरलात तर मी भाग घेणार नाही.

ओसरीवरचा_जादूगार
नाही नाही. 'पुढाकार-फेक' असं एकाने लिहिलं होतं, आम्ही आठवडाभर हसत होतो.

हूजियर_कुलकर्णी
भाषेची अट मोठ्यांकडेही आहेच, फक्त ती नियमात ठळक दिसत नाही, हवेत असते. 'टेल्स फ्रॉम द लूप' हा स्वीडिश मंडळींचा खेळ. त्याने २०१७ मध्ये पाच सुवर्ण एनी घेतले, ते इंग्रजी पुस्तकावर. 'मर्क बोर्ग' पण स्वीडनचाच, २०२० मध्ये 'प्रॉडक्ट ऑफ द इयर', तोही इंग्रजीत वाचून. स्वीडिश लोकांना इंग्रजी आवृत्ती काढणं जमतं, बीडच्या माणसाला कसं जमणार? म्हणून फ्रान्समध्ये, इटलीत तिथल्या भाषेतल्या खेळांसाठी वेगळे पुरस्कार आहेत. तुमचा पुरस्कार त्या जातीचा. तेव्हा भाषेची अट काढू नका, पण ती मोजपट्टीसारखी लावू नका.

नियम ५ मात्र काढा. मी अठरा वर्षं इंडियानात आहे. मी लिहिलेला खेळ मराठी नाही का?

ओसरीवरचा_जादूगार
५ काढला. मलाच आता आठवत नाही तो का घातला होता.

गुणवंत_जोशी
'छोटे खेळ', 'स्वतंत्र खेळ' म्हणता, पण छोटा कोण याची व्याख्या कुठेय? उद्या एखादी कंपनी मराठीत खेळ काढेल आणि तुमच्या एसटीच्या खेळासमोर उभी राहील.

हूजियर_कुलकर्णी
चांगला प्रश्न. २००२ मध्ये सुरू झालेल्या इंडी आरपीजी अवॉर्ड्सनी 'इंडी'ची, म्हणजे स्वतंत्र खेळाची, व्याख्या मालकीवर केली होती: खेळाचे हक्क आणि ताबा लेखकाकडे आहे का? खप किती, पानं किती, याचा संबंध नाही. सुटसुटीत. पण बघा, 'शॅडोडार्क' हा केल्सी डिऑन यांचा खेळ. मालकी त्यांची, म्हणजे त्या व्याख्येने पक्का इंडी. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १३ लाख डॉलरहून जास्त जमले आणि २०२४ मध्ये चार सुवर्ण एनी. आता त्याच्या शेजारी कॉलेजच्या पोराची आठ पानांची झाईन, म्हणजे घरगुती पुस्तिका, ठेवली तर दोघं एकाच जातीचे?

संकासूर
जातीचे म्हणू नका हो, इथे धाग्याचं वेगळंच काहीतरी होईल.

गुणवंत_जोशी
लेखकाची मालकी चालेल मला. कंपनी आली तर तेव्हा बघू.

रंगपेटी
चित्रं काढते, खेळ लिहित नाही. एआयबद्दल खर्ड्यात एक अक्षर नाही. अकरापैकी चार खेळांची मुखपृष्ठं एआयची आहेत, चित्रातल्या हातांची बोटं मोजली की मला कळतं.

बीडचा_वाटसरू
त्यातलं एक माझं. लपवत नाही. चित्रकाराला द्यायला पैसे नव्हते आणि तुमच्या गटात सगळ्यांची मुखपृष्ठं रंगीत होती.

रंगपेटी
वाटसरू, तुझ्यावर रोख नव्हता रे. पण एनीजवाल्यांचं काय झालं ते सांगते. त्यांनी आधी मधला मार्ग काढला: ज्या भागात एआय वापरलंय त्या विभागात पुस्तक चालणार नाही, बाकी विभागांत चालेल. म्हणजे चित्रं एआयची असली तरी लेखनासाठी पात्र. लोक भडकले, कलाकारांनी बहिष्काराची भाषा केली, आणि २०२५ मध्ये त्यांना सांगावं लागलं की २०२५-२६ च्या फेरीपासून जनरेटिव्ह एआय असलेलं काहीच घेणार नाही. मी त्याच बाजूची. पण बंदी घालायची तर दुसरीही सोय करा. 'चित्र नसेल तरी चालेल' हे ठळक लिहा. नुसतं काळ्या अक्षरांचं मुखपृष्ठ कुठल्याही एआय राक्षसापेक्षा शंभरदा बरं दिसतं.

आणि वाटसरू, ऊसतोडीचं मुखपृष्ठ मी काढून देते. पैसे नकोत. तुझा खेळ एकदा मला चालवून दाखव.

बीडचा_वाटसरू
काय बोलू. शनिवारी?

रंगपेटी
शनिवारी.

नाटकवेडी
नियम ७ राहिलाय. 'निर्णय अंतिम' ठीक, पण 'अपात्र' ठरवलं तर कारण लिहून द्यायचं, हे घाला. विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांत २०२३ मध्ये चीनमधल्या चेंगडूला काय झालं ते वाचा. नामांकनाइतकी मतं मिळालेली पुस्तकं आणि माणसं परस्पर अपात्र, आर. एफ. क्वांग यांची 'बेबल' त्यातली एक. आकडे बाहेर आले जानेवारी २०२४ मध्ये, आणि कारण विचारलं तर नियमांकडे बोट. तोही चाहत्यांनी चालवलेलाच पुरस्कार आहे. चाहते म्हणजे आपोआप न्यायी असं काही नसतं.

ओसरीवरचा_जादूगार
घालतो. अजून एक अडचण आहे, तिच्यावर कुणीच बोललं नाही म्हणून मीच काढतो. चाळीस जणांत अकरा लेखक. परीक्षकाने ज्याच्याबरोबर खेळलंय त्याला गुण देऊ नयेत असं म्हटलं तर एकही परीक्षक उरत नाही. खेळात सगळे सगळ्यांच्या टेबलावर मेलेत.

उजेड_कान
मी कुणाच्याच टेबलावर मेलेलो नाही. पीडीएफच वाचता आल्या नाहीत.

ओसरीवरचा_जादूगार
मग तुम्हाला आता नाही म्हणता येणार नाही 🙂 बाकीच्यांनी कुणाबरोबर खेळलंय ते आधी जाहीर करायचं, आणि स्वतः त्या खेळाच्या प्लेटेस्टमध्ये, म्हणजे चाचणीसाठी खेळण्यात, असाल तर त्या खेळापुरतं बाजूला बसायचं. बाहेरचे दोन परीक्षक शोधू. लोकांच्या मतदानाचा वेगळा छोटा फासा, मुख्य फाशाशी संबंध नाही. फासा एखाद्या वर्षी राहिला तर राहिला. सुधारित खर्डा रविवारी टाकतो.

बाईंचा_वर्ग
उशिरा आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, धुळे जिल्ह्यात. चौथीच्या मुलांबरोबर तीन वर्षं एक गोष्ट चालू आहे, शनिवारी दप्तराविना असतो तेव्हा. चिंचोके फासे म्हणून वापरतो, एका बाजूने घासलेले. पाच टाकायचे, पांढरे किती पडले ते मोजायचं. गोष्ट अहिराणीत चालते. जुनी मुलं पाचवीत गेली तरी येऊन बसतात आणि नव्यांना नियम सांगतात. मी एक ओळही लिहिलेली नाही, पीडीएफ नाही, नाव पण नाही. तुमचा नवा नियम वाचला, 'पूर्ण झालेला आणि कुणालाही मिळू शकेल असा'. हा पूर्ण झालेला नाही आणि कुणाला मिळेल असाही नाही. पुरस्कार नको, पण हा खेळ आहे का एवढं सांगा.

संकासूर
जादूगार?

ओसरीवरचा_जादूगार
बाई, रविवारचा खर्डा पुढे ढकलतो. पाचात तीन पांढरे पडले तर काय होतं?

बाईंचा_वर्ग
तीन पडले तर मूल ठरवतं काय होतं ते. चार पडले तर शेजारचं मूल ठरवतं.